बेल कोणाची वाजली?

खुडबुडे हे काही त्याचं आडनाव नव्हतं. तो ज्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचा तिथल्या मंडळींनी ते त्याला बहाल केलं होतं, आणि इतक्या मनापासून, की नवे दंतवैद्यही फोनवर "खुडबुडे साहेब आहेत का?" असंच विचारायचे. दिवसभर तो मेणात एकेक दात बसवायचा, साच्यात गुलाबी हिरड्या ओतायचा, घासून पॉलिश करायचा. संध्याकाळी घरी आला की हातपाय धुऊन जेवणाच्या टेबलावर एखादं यंत्र पोट उघडून ठेवायचा. ते बिघडलेलंच असलं पाहिजे अशी अट नव्हती. उलट मुकाट्याने चालणाऱ्या यंत्राचाच त्याला जास्त संशय यायचा.

यंत्रांबद्दल त्याची मतं ठाम होती आणि ती ऐकायला त्याला माणसं कमी पडायची.

"हल्लीच्या यंत्रांना एक वाईट खोड लागलीय," तो म्हणायचा. "काम केलं की ते सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नाही. धुण्याचं मशीन कपडे धुतं ते धुतं, वर गाणं म्हणतं. फ्रिजचं दार जरा उघडं राहिलं की कुरकुर सुरू. आता कुरकुरायला घरात माणसं काय कमी आहेत?"

शेवटचं वाक्य तो बायकोकडे न बघता बोलायचा. बायको वाचनालयात कामाला होती, त्यामुळे एक शब्दही न बोलता समोरच्याला गप्प करण्याची कला तिला चांगली अवगत होती.

त्याचं सगळं कौतुकाने ऐकणारं माणूस घरात एकच, ते म्हणजे सासूबाई. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर थोडी विश्रांती म्हणून त्या लेकीकडे आल्या होत्या. गुडघा बरा झाला, पण परत जायचा विषय काढला की तो पुन्हा दुखायला लागायचा, म्हणून कोणी काढत नव्हतं. जावयाने काहीही उघडलं की त्या खुर्ची ओढून समोर बसायच्या. "जावईबापू, हे तांबडं काय? आणि ही सुतासारखी तार कुठे जाते?" असं विचारायच्या. खुडबुडे रंगात येऊन समजावत बसायचा. यातलं सासूबाईंच्या डोक्यात किती शिरतं, हा विचार त्याने कधी केला नाही. तो करायला हवा होता.

समोरच्या दारात चीफ राहायचे. उभा जन्म बोटीवरच्या इंजिनांच्या सहवासात काढलेला माणूस. निवृत्त झाले, बायको गेली, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी, आता एकटेच. आवाज असा की लिफ्टमध्ये 'नमस्कार' म्हणाले तर वरच्या मजल्यावरचे लोक उलट नमस्कार करायचे.

चीफ आणि खुडबुडे यांचं बोलणं बंद होतं. निमित्त झालं होतं जिन्यातल्या दिव्याचं. खुडबुडेने हौसेने तिथे माणूस हलला की लागणारा आणि हलला नाही की विझणारा दिवा बसवला होता. चीफ दारापाशी किल्ली शोधत शांत उभे राहिले की दिवा गुल. मग हात हलवायचे, की दिवा हजर. एकदा त्यांचे बोटीवरचे जुने सहकारी भेटायला आले, तर जिन्यात चीफ दोन्ही हात वर करून नाचताहेत असं दृश्य त्यांना दिसलं. त्या दिवसापासून चीफनी खुडबुडेचं नाव टाकलं.

आणि अशातच बेलचं प्रकरण उद्भवलं.

खुडबुडेने बिनतारी बेल आणली. बाहेर दाराला चिकटवायचं छोटं बटण, आत हॉलमध्ये भिंतीवर वाजणारी डबी. योगायोगाने चीफनीही त्याच दुकानातून तीच बेल आणली होती. दोन्ही डब्यांचा कारखान्यातून आलेला खुणेचा आकडा एकच. त्यामुळे कुठलंही बटण दाबा, दोन्ही घरांत बेल वाजायची. चीफकडे पार्सलवाला आला की खुडबुडेची बायको दार उघडायची. खुडबुडेकडे पाहुणे आले की चीफकडची डबीही ठणाणायची, आणि चीफ दारात असलेच तर त्यांच्याकडे असे बघायचे जणू ते बोटीत चोरून चढलेत.

"हे नीट कर," बायको म्हणाली. "काल मी ओल्या केसांनी धावत दार उघडलं, तर समोर चीफचा व्यायाम करून घेणारा तो तरुण. तो बिचारा मलाच विचारतो, पाठदुखी कशी आहे म्हणून."

"हे तर डाव्या हातचं काम," खुडबुडे म्हणाला.

आणि खरंच तसं होतं. डबीत आणि बटणात मुंगीएवढ्या खटक्यांची एक ओळ असते. दोन्हीकडच्या ओळी जुळल्या की बेल वाजते. आपल्या दोन्ही ओळी बदलल्या की चीफच्या बेलशी संबंध तुटला. सासूबाई समोर बसून बघत होत्या. "म्हणजे या खटक्या पुन्हा होत्या तशा केल्या तर पुन्हा दोन्हीकडे वाजणार का हो?" त्यांनी विचारलं. "अगदी बरोबर!" खुडबुडेला भरून आलं. इतकं लक्ष देऊन ऐकणारी सासू कोणाच्या नशिबात असते?

दोन दिवस शांततेत गेले. मग पुन्हा दोन्हीकडे बेल वाजायला लागली.

खुडबुडेने डबी उघडली, बटणही उघडलं. खटक्या मूळ जागी परत गेल्या होत्या. त्याने वेगळी जुळणी केली. दोनेक दिवसांनी पुन्हा तेच. मग त्याच्या डोक्यात नाना शंका यायला लागल्या. जिन्यातून लिफ्ट गेली की धक्का बसत असेल. डबीच्या मागच्या भिंतीत पाण्याचा पाइप आहे, तो थरथरत असेल. लॅबमध्येही त्याचं लक्ष उडालं. एका कवळीत त्याने दोन सुळे शेजारी शेजारी बसवले आणि मालकाने ती उचलून विचारलं, "ही माणसाची आहे ना?"

भरीस भर म्हणजे एका संध्याकाळी स्वतः चीफ दारात येऊन उभे राहिले. कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा.

"तुमच्या त्या खेळण्याने माझं जगणं हैराण केलंय!" चीफ गरजले. "सारखं दार उघडायला पळा. मी काय या मजल्याचा द्वारपाल आहे?"

"चीफ, मी दोनदा खटक्या बदलल्यात. तुम्हीच तर उघडून काही केलं नाहीत ना?"

"बरोबर आहे," चीफ म्हणाले. "उद्या करा, पण कायमचं करा."

"अहो, मी विचारतोय की तुम्ही काही..."

"चहा नको. आत्ताच घेतलाय." आणि चीफ पाठ फिरवून निघून गेले.

"काय उद्धट माणूस आहे!" खुडबुडे दार लावत म्हणाला. "आपलं एक अक्षर ऐकून घेत नाही. उत्तरं बघा कशी देतो."

सासूबाई सोफ्यावर स्वेटर विणत होत्या. "असतो एकेकाचा स्वभाव," त्या म्हणाल्या आणि टाके मोजायला लागल्या.

आता खुडबुडेच्या अब्रूचा प्रश्न होता. खटक्या आपोआप हलत नाहीत, म्हणजे कोणीतरी हलवतंय. आणि तो कोणीतरी म्हणजे चीफच. आपण घरी नसताना, सासूबाई दुपारी पडल्या की हा माणूस येत असणार, आपली फजिती करायला. दिव्याचा सूड!

रविवारी बायको आणि सासूबाई बाजारात गेल्या होत्या तेव्हा त्याने खटक्या पुन्हा बदलल्या आणि डबीच्या आत एक करामत बसवली. मटाराएवढा एक डोळा, ज्याच्यावर उजेड पडला की एक चिमुकला भोंगा बोलायला लागणार आणि त्याच वेळी खुडबुडेच्या फोनवर इशारा येणार. डबी बंद असेपर्यंत आत अंधार, म्हणजे सगळं शांत. झाकण उघडलं की उजेड, की चोर सापडला. भोंग्यासाठी त्याने स्वतःचाच आवाज भरला. खूप तालीम करून, छाती फुगवून: "हात वर! मी तुला पाहिलंय! हललास तर याद राख!" ऐकताना स्वतःच्याच अंगावर काटा आला त्याच्या.

बुधवारी भर दुपारी, तो एका कवळीच्या खालच्या दाढा बसवत असताना खिशातला फोन थरथरला. "मालक, घरी चोर आलाय," म्हणत तो एप्रनसकट, हाताला मेण तसंच ठेवून दोन गल्ल्यांवरच्या घराकडे पळत सुटला. लिफ्टची वाटही पाहिली नाही.

जिन्यातच त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. "हात वर! मी तुला पाहिलंय! हललास तर याद राख!" एकदा संपला की पुन्हा पहिल्यापासून. त्याने दार ढकललं. नुसतं लोटलेलं होतं.

हॉलमध्ये स्टुलावर उघडी डबी. तिच्या अर्ध्या भागावर सोफ्याची उशी दाबून सासूबाई बसल्या होत्या, केसातली पिन हातात. उशीखालून खुडबुडे गुदमरत ओरडत होता. आणि शेजारी, उरलेल्या अर्ध्यावर टॉर्च धरून, अगदी निवांत चीफ उभे होते.

"पिन जरा डावीकडे सरकवा," चीफ म्हणत होते. "मागच्या वेळी तिसरी खटकी चुकली होती तुमची. आणि उशी कशाला घेतलीत? पाठ दुखतेय का?"

"हात वर!" उशी ओरडली.

"मला काही घाई नाही," चीफ म्हणाले. "सावकाश होऊ द्या."

खुडबुडे उंबऱ्यातच थबकला. स्वतःच्या आवाजात इतका दम भरला होता त्याने, अर्धा जिना दणाणत होता, आणि हा माणूस वीतभर अंतरावर उभा राहून पाठदुखीची चौकशी करतोय. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. 'चहा नको, आत्ताच घेतलाय' याचाही अर्थ आत्ता लागला.

"चीफना ऐकू येत नाही?" त्याने विचारलं.

सासूबाई दचकल्या. उशी सटकली, भोंगा मोकळा झाला. खुडबुडेने धावत जाऊन झाकण लावलं तेव्हा घर शांत झालं. चीफनी वळून पाहिलं, त्यांच्या हातातल्या टॉर्चचा झोत जावयाच्या तोंडावर पडला आणि बोटीवरचा तो दांडगा माणूस शाळेतल्या पोरासारखा कावराबावरा झाला.

"बसा जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "ओरडायचं असेल तर मला ओरडा. त्यांना ओरडून उपयोग नाही."

मग सगळं बाहेर पडलं. इंजिनांच्या धडधडाटात चीफचे कान कधीच गेले होते. समोर बसून, सावकाश, ओठ दिसतील असं बोललं की बरंचसं कळायचं, पण बेल अजिबात ऐकू यायची नाही. मागे एकदा मुलगी न कळवता आली. बेल वाजवून वाजवून दमली, शेवटी रडकुंडीला आली. तेव्हापासून तिने धोशा लावला होता, बाबा, एकटे राहू नका, माझ्याकडे चला. चीफना ते घर सोडायचं नव्हतं. मग नवी बेल आली आणि काय गंमत, ती समोरच्या घरातही वाजायला लागली. बेल वाजली की सासूबाई आधी समोर जायच्या, चीफनी दिलेल्या किल्लीने दार उघडायच्या, पाहुण्याला आत बसवायच्या आणि चीफना हलवून सांगायच्या. मुलगी परत आली तेव्हा दार लगेच उघडलेलं बघून तिने मुक्काम वाढवला नाही की धोशा.

"आणि तुम्ही ते नीट करून टाकलंत," सासूबाई जरा रागानेच म्हणाल्या.

"मग मला सांगायचं नाही का?"

"यांनी शपथ घातली होती. तुम्हाला तर मुळीच सांगायचं नाही म्हणून."

चीफ त्यांच्या ओठांकडे बघत होते. "दिव्याचा राग होता," ते म्हणाले. कुजबुजायचा त्यांचा बेत होता, पण तेही खालच्या मजल्यावर गेलं असणार.

"पण मग तुम्ही परवा येऊन माझ्यावर एवढे ओरडलात ते?"

"ती कल्पना यांची," चीफनी सासूबाईंकडे बोट केलं. "म्हणाल्या, तुम्ही तक्रार केलीत की त्यांना आपला संशय येणार नाही. बेल वाजते हे मला या सांगतात. मग मी तक्रार करतो."

खुडबुडेने सासूबाईंकडे पाहिलं. त्या शांतपणे पिन केसात खोचत होत्या.

रागवावं की हसावं हे ठरायच्या आतच त्याची बोटं शिवशिवायला लागली. "अहो, यात काय अवघड आहे? बेल वाजली की दिवा चमकेल असं करून देतो. किंवा मनगटावर पट्टा, बेल वाजली की थरथरणारा. शनिवारपर्यंत देतो."

"काही गरज नाही," सासूबाई म्हणाल्या.

"का? चीफना कोणावर अवलंबून..."

"जावईबापू, तुमचा पट्टा थरथरला की हे स्वतःच दार उघडतील. मग मी दुपारभर करू काय? स्वेटर विणू? उन्हाळ्यात?"

तेव्हा खुडबुडेला हेही कळलं की रोज दुपारी समोरच्या घरात पत्त्यांचा डाव रंगतो आणि सासूबाईंचा गुडघा त्या वेळी मुळीच दुखत नाही. त्याने पट्ट्याचा विषय सोडला. पण काहीच न करता गप्प बसणं हे त्याच्या प्रकृतीला मानवणारं नव्हतं.

"कानातलं यंत्र का नाही वापरत?" त्याने चीफच्या समोर उभं राहून विचारलं.

चीफनी घरातून एक डबी आणली. यंत्र नवंकोरं. "घातलं की शिट्टी मारतं," ते म्हणाले. "आणि टोचतं. कानात खेकडा शिरल्यासारखं वाटतं."

खुडबुडेने यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि हसायला लागला. यंत्र उत्तम होतं. कानात बसणारा प्लास्टिकचा साचा तेवढा चीफच्या कानाच्या मापाचा नव्हता. फटीतून आवाज बाहेर निसटायचा, परत यंत्रात शिरायचा, म्हणून शिट्टी. हे दुखणं त्याच्या रोजच्या ओळखीचं होतं. हिरडीला न बसणारी कवळी अशीच टोचते आणि अशीच शिट्टी मारते.

"उघडणार नाही ना?" चीफनी काळजीने विचारलं.

"नाही हो. कान लागेल तुमचा. थोडा वेळ."

कानाचं माप घेणाऱ्या बाई त्याच्या लॅबच्याच इमारतीत खाली बसायच्या. त्यांनी चीफच्या डाव्या कानाचा ठसा काढून दिला आणि साचा खुडबुडेने स्वतः बनवला. दाढेला लावायचा तेवढाच जीव लावून घासला, पॉलिश केला, कडा बोटाने पुन्हा पुन्हा चाचपल्या. फक्त सवयीने हिरड्यांचाच गुलाबी रंग पडला. मालकाने टेबलावर तो पाहिला आणि म्हणाला, "खुडबुडे, हा दात नेमका कुठला?"

चीफनी तो घातला तेव्हा घरात ते दोघेच होते. शिट्टी नाही, टोचणी नाही. चीफनी मान तिरकी करून कानोसा घेतला. मग म्हणाले, "हे टकटक काय वाजतंय?"

"तुमचं घड्याळ."

"असं होय." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "आणि मी एवढ्या मोठ्याने बोलतो?"

"बोलत होतात," खुडबुडे म्हणाला. चीफनी आवाज खाली आणला, आणि दोघंही उगाचच इकडेतिकडे बघायला लागले.

"एक करा," निघताना चीफ त्याचा दंड धरून म्हणाले, आणि या वेळी ती खरी कुजबुज होती. "यांना इतक्यात सांगू नका. खेळताना माझा डावा कान भिंतीकडेच असतो, त्यांना दिसत नाही. नंतर मी सांगेन."

"आणि बेल?"

"बेल आहे तशी असू द्या. हात लावाल तर खबरदार."

आयुष्यात पहिल्यांदा खुडबुडेने एक बिघाड जाणूनबुजून तसाच ठेवला. बायकोला त्याने सांगितलं की ही बेल मुळातच सदोष आहे, दुसरी मिळेपर्यंत चालवून घ्यावं लागेल. बायकोने पुस्तकावरून मान वर करून त्याच्याकडे एकदा पाहिलं, आईकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पान उलटलं. तिला कधीपासून माहीत होतं, हे त्याला विचारायचा धीर झाला नाही.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी तो घरी आला तेव्हा सासूबाई फुरंगटून बसल्या होत्या.

"जावईबापू, पत्त्यांत काही यंत्र बसवता येतं का हो?"

"पत्त्यांत? का?"

"समोरचा माणूस रोज जिंकतोय. इतके दिवस एक डाव घेता आला नाही त्याला, आणि आता बघाल तर माझ्या हातात काय आहे ते जणू दिसतंच. आज मला बदामची राणी हवी होती, तर नेमकी दाबून बसला."

खुडबुडे बूट काढता काढता थांबला. "सासूबाई, तुम्ही खेळताना काही बोलता का?"

"छे! बोलणार कोणाशी?" त्या म्हणाल्या. मग जरा घुटमळल्या. "आता आपल्याशीच पुटपुटते थोडं. राणी आली की बरं होईल बाई, एक्का टाकू की ठेवू, असं. पण त्याला थोडंच ऐकू येतंय?"

खुडबुडेने तोंड वळवलं आणि बुटाच्या नाडीत बराच वेळ काहीतरी शोधलं.

"तसं यंत्र असू शकतं," तो शेवटी म्हणाला, "पण ओळखणं फार कठीण. बारीक असतं. गुलाबी रंगाचं."

"तुम्ही येऊन बघाल का उद्या? सुट्टी आहे ना तुम्हाला?"

"येतो की."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो समोरच्या घरी गेला आणि सासूबाईंच्या मागे खुर्ची घेऊन बसला. चीफनी पत्ते वाटले. सासूबाईंनी आपले पत्ते उघडले, चष्मा सावरला आणि पुटपुटल्या, "अरे देवा, एवढे चौकट कशाला माझ्या वाट्याला."

चीफचा चेहरा दगडासारखा निर्विकार होता. त्यांनी हातातलं एक पान वेगळं काढून ठेवलं आणि खुडबुडेकडे न बघता विचारलं, "खुडबुडे, पुढच्या डावात बसणार का तुम्ही?"